हत्तिणीला ‘नको’ म्हणता येतं का? चियांग माईच्या सहलीतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

शिरोळ तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाची ही हकिगत. त्यांच्या संमतीनं लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लोकांच्या सहली आखून देणं हे माझं काम. ठरवाठरवी माझ्यासमोर झाली, प्रत्यक्ष सहलीला मात्र मी नव्हतो. तिथला वृत्तांत धाकट्या मुलानं आणि सुनेनं वेगवेगळा सांगितला आणि तो सगळीकडे जुळत नाही. जिथे जुळत नाही तिथे तसं लिहिलं आहे.

घरात सातजण. अण्णा सत्तरीचे, ऊस आणि म्हशी अजून स्वतः बघतात. आईंचे गुडघे दुखतात. थोरल्याचं इचलकरंजीत दुकान, त्याची बायको शाळेत शिक्षिका, मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा पाचचा. धाकटा जनावरांचा डॉक्टर, दूध संघाच्या नोकरीत. थायलंडचं ठरलं तेव्हा थोरल्यानं बँकॉक-पटायाचं पॅकेज काढलं होतं. सूनबाईंनी ते एका वाक्यात मोडलं, “सासू-सासऱ्यांना घेऊन पटायात करायचं काय?” मग उत्तरेकडचं चियांग माई पुढे आलं. डोंगर, देवळं, थंड हवा आणि हत्ती. हत्तींवर सगळ्यांचं एकमत होतं. पुढे ते का टिकलं नाही, तेच हे प्रकरण.

मुंबईच्या एका एजंटनं कार्यक्रम पाठवला. त्यात ‘एथिकल एलिफंट सँक्च्युअरी, अर्धा दिवस’ असं होतं, म्हणजे हत्तींना न छळता सांभाळणारी जागा. हत्तीवर बसणं नाही, खेळ नाहीत. हातानं केळी भरवायची, चिखलात लोळवायचं, नदीत आंघोळ घालायची आणि स्थानिक पद्धतीचा सदरा घालून फोटो. सोबत दीड मिनिटाचा व्हिडिओ.

अडचण

व्हिडिओ घरी टीव्हीवर लावला. एक हत्तीण शेडखाली उभी होती, डोकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. अण्णा कौतुकानं म्हणाले, “कशी डौलात झुलायलीय बघ.” धाकट्यानं व्हिडिओ मागे घेऊन पुन्हा लावला. झुलण्याची लय एकसारखी होती, आजूबाजूला कुणी आलं-गेलं तरी तुटत नव्हती, आणि एक पुढचा पाय दर वेळी त्याच जागी उचलला जात होता. दावणीला वर्षानुवर्षं बांधलेली घोडी अशीच डुलते, तो म्हणाला. याला डौल म्हणत नाहीत, कोंडून राहिल्याची सवय म्हणतात. मग त्यानं चित्र थांबवून कानामागचा जुना व्रण दाखवला. अंकुश लागतो तो तिथेच.

त्या रात्री त्याचा मला मेसेज आला : “हे एथिकल कशावरून?”

प्रश्न रास्त होता. थायलंडमध्ये ‘सँक्च्युअरी’ अशी पाटी लावायला कुणाची वेगळी परवानगी लागत नाही. पाळीव हत्ती तिथे १९३९ च्या ओढकाम करणाऱ्या जनावरांच्या कायद्यात, म्हणजे बैल-रेड्यांच्या पंगतीत येतो. जंगली हत्तीला वन्यजीव कायद्याचं संरक्षण, पाळीवाला नाही. मागचा इतिहासही ध्यानात घ्यावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या हे हत्ती सागाचे ओंडके ओढत. १९८८ च्या अखेरीस दक्षिणेत मोठा पूर आला, तोडलेल्या डोंगरांवरून माती आणि लाकूड गावांवर आलं, शेकडो माणसं दगावली. जानेवारी १९८९ मध्ये सरकारनं जंगलतोडीवर बंदी घातली. जंगलाच्या दृष्टीनं चांगलंच झालं. पण हजारो हत्ती आणि त्यांचे माहूत एका फटक्यात बेकार झाले. दिवसाला दीडशे किलोच्या पुढे चारा खाणारं जनावर दारात उभं आणि कमाई शून्य. काहीजण बँकॉकच्या रस्त्यांवर हत्ती घेऊन भीक मागत फिरले, बाकीचे पर्यटनात आले. आज तिथे पर्यटनावर जगणारे हत्ती तीन हजारांच्या घरात आहेत. त्यांना जंगलात सोडून द्या म्हणणं सोपं आहे, पण तेवढं मोकळं जंगलच उरलेलं नाही.

पूर्वी पर्यटक हौदा, म्हणजे हत्तीच्या पाठीवरची बसायची बैठक, आणि खेळ मागत, तेव्हा ते मिळे. परदेशी पाहुणे हौद्यावर नाकं मुरडू लागले तसे हौदे उतरले आणि त्यांच्या जागी आंघोळ आली. हत्ती तेच, बऱ्याच ठिकाणी माहूतही तेच.

आंघोळीत वाईट काय, असं थोरल्यानं विचारलं. धाकट्याचं उत्तर मी जवळजवळ त्याच्याच शब्दांत देतो. हत्ती अंगावर माती घेतो ती ऊन आणि किड्यांपासून बचाव म्हणून. सकाळची तुकडी ती माती धुते, दुपारची पुन्हा धुते, संध्याकाळचीही धुते. हत्तिणीला पाण्यात जायचंय का, हे कुणी विचारत नाही. घड्याळात दहा वाजले की ती पाण्यात. आणि तीन-चार टनांचं जनावर अनोळखी, ओरडणाऱ्या, पाणी उडवणाऱ्या माणसांच्या गराड्यात निमूट उभं राहतं, ते त्याला लहानपणी आईपासून तोडून, कोंडून, मारून तसं केलेलं असतं म्हणून. हे माणसांच्या जिवालाही धोक्याचं असतं. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिणेतल्या कोह याओ याई बेटावर हत्तिणीला आंघोळ घालताना एक तरुण स्पॅनिश पर्यटक मुलगी मृत्युमुखी पडली.

इथवर घर धाकट्याच्या बाजूनं झुकलं होतं. पण मग अण्णा बोलले, आणि अडचण चियांग माईतून उठून थेट नांदणीला आली.

नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण या भागातल्या घरोघरी माहीत आहे. १९९२ पासून ती मठात होती. पायाचे आजार, सांधेदुखी आणि एकटेपणा यांच्या तक्रारींवरून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. जुलै २०२५ मध्ये तिला जामनगरच्या वनतारा या प्राण्यांच्या केंद्रात हलवण्याचा आदेश झाला, सर्वोच्च न्यायालयानंही तो कायम ठेवला. तिला निरोप देताना माणसं ढसाढसा रडली, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला हजारो लोक नांदणीहून कोल्हापूरपर्यंत मूकपणे चालत गेले. त्यात अण्णाही होते. धाकट्याचं मत तेव्हा उलटं होतं : जनावर दुखण्यात आहे, त्याला सोबत आणि मातीची जमीन हवी. घरात त्यावरून बोलणं बंद होण्याची वेळ आली होती.

“आमच्या हत्तिणीला नेताना हेच म्हणाले,” अण्णा म्हणाले. “आता तिकडं परदेशात जाऊन पैसे भरून पुन्हा तेच ऐकायचं व्हय? आणि हात न लावता परत यायचं? मग टीव्हीवरच बघू की.”

हे नुसतं म्हाताऱ्याचं हटून बसणं नव्हतं, असं मला वाटतं. आपल्याकडे हत्तीला भेटणं म्हणजे त्याच्या सोंडेखाली डोकं ठेवणं, सोंडेत नाणं देणं, कपाळाला हात लावून तो आपल्या कपाळाला लावणं. त्या माणसाला “लांबून बघा” म्हटलं तर ते देवळाबाहेर उभं राहायला सांगितल्यासारखं ऐकू येतं. जनावरांविषयीच्या इंग्रजी सल्ल्यांमध्ये हा भाग कुठेच नसतो, म्हणून ते आपल्या घरांमध्ये चालत नाहीत.

पर्याय

पहिला पर्याय एजंटचाच. पैसे कमी, मुलं खूश, अण्णा खूश. धाकटा म्हणाला, मी हॉटेलवर थांबेन.

दुसरा, मे तेंग खोऱ्यातलं एलिफंट नेचर पार्क. लेक चैलर्ट या बाईंनी नव्वदच्या दशकात उभं केलेलं, आज शंभराहून जास्त हत्ती, त्यातले कित्येक आंधळे, सुरुंगात पाय गमावलेले, म्हातारे. जगभर नाव आहे. ऑक्टोबर २०२४ च्या महापुरात तिथल्या दोन हत्तिणी वाहून गेल्या, हेही तेव्हा सगळीकडे आलं होतं. नदीकाठच्या कुठल्याही जागेला पुराच्या वेळी हत्ती कुठे नेता हे विचारायला हवं, ते मला त्या बातम्यांमुळे सुचलं. त्यांच्या तारखांना अर्ध्या दिवसाची जागा शिल्लक नव्हती. पूर्ण दिवस आईंच्या गुडघ्यांना झेपेना. पर्याय बाद झाला तो एवढ्याच कारणानं.

तिसरा, डोंगरातली एक छोटी जागा. करेन आदिवासी गावातल्या दोन कुटुंबांच्या चार हत्तिणी. पूर्वी याच हत्तिणी हौदा वाहायच्या, मग काही वर्षं आंघोळी, आता फक्त लांबून बघणं. तुम्ही चारा तयार करायचा, ठेवायचा माहुतांनी, आणि हत्ती येतील तेव्हा येतील. माणशी दर एजंटच्या जागेपेक्षा जवळपास दुप्पट. त्यावर थोरल्याचं म्हणणं होतं, “हात लावायला जास्त पैसे समजू शकतो. हात न लावायला जास्त?”

हिशेब तसा सरळ आहे : दिवसाला साठ माणसं येणाऱ्या जागेपेक्षा बारा माणसं येणाऱ्या जागेला माणशी जास्त घ्यावे लागतात. हत्तीचं पोट दोन्हीकडे सारखंच. पण ज्याला सात तिकिटं काढायची आहेत त्याला हा हिशेब पटायला वेळ लागतो.

चौथा पर्याय हत्ती सोडून द्यायचे आणि दोई सुतेपचं देऊळ बघून परत यायचं. नातीनं ऐकताक्षणी रडून तो संपवला.

प्रश्न आणि उत्तरं

मी आणि धाकट्यानं बसून प्रश्न काढले आणि एजंटच्या जागेला व डोंगरातल्या जागेला एकाच दिवशी पाठवले. हत्ती तुमच्या मालकीचे की भाड्याचे? रात्री कुठे असतात, साखळी असते का, किती लांब? एका हत्तीमागे दिवसाला किती पाहुणे? पिल्लं इथेच जन्मतात का? अंकुश वापरता का? डॉक्टर कुठून येतो? पूर आला तर? आणि शेवटचा, धाकट्यानं आग्रहानं घातलेला : पाहुणे आलेत आणि हत्तीण यायला तयार नाही, तर काय करता?

एजंटच्या जागेचं उत्तर तासाभरात आलं, हृदयाच्या चिन्हांसह. “आमचे सगळे हत्ती वाचवलेले आणि आनंदी आहेत. पिल्लासोबत फोटो नक्की मिळेल. हत्ती नेहमी येतात, काळजी नसावी.” साखळीबद्दल एक अक्षर नाही.

डोंगरातल्या जागेचं उत्तर चार दिवसांनी आलं, आणि ते वाचून सूनबाईंचा आधी गैरसमजच झाला. “साखळी असते. रात्री तीस मीटर, जंगलात, रोज जागा बदलतो. नाहीतर हत्तिणी खालच्या गावच्या मक्यात शिरतात. अंकुश पाहुण्यांपुढे वापरत नाही. माहुताच्या पिशवीत असतो, रस्ता ओलांडताना लागू शकतो. हत्तिणी वाचवलेल्या नाहीत, आमच्याच आहेत. पिल्लू नाही. हत्तीण आली नाही तर तुम्हाला ती दिसणार नाही आणि पैसे परत मिळत नाहीत.”

“साखळी? मग ही कसली चांगली जागा?” सूनबाई म्हणाल्या.

माझ्या मते निर्णय खरा इथे झाला. साखळी आहे की नाही यावरून जागा ओळखता येत नाही. शेतांनी वेढलेल्या डोंगरात हत्ती रात्री मोकळा सोडला तर कुणाचं तरी पीक जाणार आणि मग हत्तीलाच गोळी किंवा विष. कुठली साखळी, किती वेळ, कशावर उभं करून, हे बघायचं. सिमेंटवर दोन मीटरच्या साखळीनं दिवसभर, आणि मातीवर तीस मीटरनं रात्रभर, यांना एकच शब्द लावण्यात अर्थ नाही. ‘वाचवलेले’ या शब्दाचंही तसंच. हत्ती विकत घेऊन वाचवायचा तर दहा-वीस लाख बाट मोजावे लागतात आणि त्या पैशातून आधीचा मालक नवं पिल्लू आणू शकतो. गावकऱ्यांकडे त्यांचेच हत्ती राहू देऊन कामाची पद्धत बदलायला लावणं दिसायला कमी थोर असलं तरी माहूत बेकार होत नाही आणि नवं पिल्लू बाजारात येत नाही. याबाबतीत दुमत असू शकतं. माझं मत असं आहे.

धाकट्याला मात्र शेवटच्या ओळीनं जिंकलं. “पैसे परत मिळत नाहीत असं लिहिणारा माणूस हत्तिणीला ओढून आणणार नाही,” तो म्हणाला.

मी आणखी एक काम केलं. दोन्ही जागांवरचे पाच ताऱ्यांचे अभिप्राय सोडून दोन-तीन ताऱ्यांचे वाचले. डोंगरातल्या जागेवर तक्रारी होत्या : हत्ती फार लांब, जवळ जाऊ दिलं नाही, मुलं कंटाळली. यापेक्षा चांगलं प्रमाणपत्र कोण देणार.

अण्णांसाठी तोड निघाली ती चाऱ्यावर. त्या जागेत पाहुण्यांना सकाळी चारा कापून द्यायचा असतो. ऊसही असतो. “म्हणजे काम करायचंय,” अण्णा म्हणाले. “ते सांगायचं की आधी.” ते तयार झाले. थोरल्यानं दर मान्य केला, एका अटीवर : येण्याजाण्याची गाडी त्या जागेची न घेता स्वस्तातली बाहेरची घ्यायची.

प्रत्यक्ष दिवस

डिसेंबरातली सकाळ, डोंगरात चांगलीच थंडी. चाऱ्याच्या शेडमध्ये हिरव्या पेंढ्या रचलेल्या होत्या. अण्णांनी एक धाट उचललं, पानाची कड बोटानं तपासली आणि म्हणाले, “हे तर आपलं हत्तीगवत!” नेपियरच होतं, त्यांच्या बांधावर म्हशींसाठी लावतात तेच. मग ऊस आला. तिथल्या पोरानं पाहुण्यांना देतात तसा छोटा बोथट सुरा दिला. अण्णांनी तो बाजूला ठेवून माहुताच्या कमरेचा कोयता खुणेनं मागितला. वाढे एका घावात उडवून त्यांनी हातभर लांबीचे तुकडे असे पाडायला घेतले की माहूत काम थांबवून बघत राहिला. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता. पुढचा पाऊण तास दोघं शेजारी बसून ऊस तोडत होते, आणि माहुतानं मधेच एक कांडं सोलून अण्णांना खायला दिलं. सूनबाईंकडे त्याचा फोटो आहे. थोरल्याच्या मते अख्ख्या सहलीत अण्णा खुशीत दिसले ते तेवढेच.

आईंकडे वेगळं काम आलं. चारपैकी एक हत्तीण म्हातारी. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. शेवटचा झिजला की चावणं संपतं. तिच्यासाठी शिजवलेला चिकट भात, पिकली केळी, चिंच आणि मीठ मळून गोळे करतात. आईंनी ते लाडूसारखे एकसारखे वळून ताटात ओळीनं मांडले. धाकटा तोवर वाटेवरची लीद काठीनं उकलून बघत होता. एका लिदीत बोटभर लांबीचे न चावलेले दोर, दुसऱ्या लिदीत बारीक चोथा. कुठली म्हातारीची, ते त्यानं हत्तीण बघण्याआधीच सांगितलं.

मग टेकाडावरच्या मचाणाशी जाऊन बसले. समोर उतार, खाली ओढा, पलीकडे बांबू. माहुतांनी चारा लांबवर ठिकठिकाणी, काही बांबूच्या पोकळ नळ्यांत कोंबून ठेवला. आणि काहीच झालं नाही. बराच वेळ बांबूत मोडल्याचे आवाज येत राहिले, एकदा एक पाठ दिसली, गेली. पाच वर्षांचा नातू आधी खेळला, मग कुरकुरला, मग “एलिफंट कुठंय” म्हणून भोकाड पसरलं. थोरल्यानं वाटाड्याला विचारलं, माहुताला सांगून एक तरी हत्तीण पुढे आणता येईल का. वाटाड्या नम्रपणे नाही म्हणाला. थोरल्यानं पाकिटाकडे हात नेला, असं धाकटा सांगतो. सूनबाई म्हणतात तसं काही झालं नाही.

शेवटी दोघी आल्या. पुढची पायानं माती उकरून सोंडेनं पाठीवर उडवत होती. मागची, म्हातारी, ओढ्याच्या काठावर थबकली. एक पाय पाण्यात घातला, काढला. पुन्हा घातला, काढला आणि सरळ मागे वळून बांबूत निघून गेली. तिचे लाडू तिथेच राहिले. माहूत उठला नाही. नंतर तो तेच गोळे घेऊन तिच्या मागे बांबूत गेला. धाकट्यानं फोन केला तेव्हा पहिल्यांदा हेच सांगितलं.

नातीनं दुर्बीण अख्खा वेळ स्वतःकडे ठेवली. अण्णा हात जोडून बसले होते. काय वाटलं, असं मी नंतर विचारलं तर म्हणाले, “पाय चांगले होते तिचे.” इतकंच.

परतीचा थांबा

इथपर्यंत आखलेलं जमलं. घोळ झाला तो परतीच्या वाटेवर. बाहेरून घेतलेल्या गाडीच्या चालकानं न विचारता रस्त्याकडेच्या एका छावणीपुढे गाडी लावली. “बेबी एलिफंट, टेन मिनिट्स, फ्री पार्किंग.” केळ्यांची टोपली शंभर बाट. नातवानं काचेतून पिल्लू बघितलं आणि मग त्याला आवरणं कुणालाच शक्य नव्हतं.

थोरला त्याला घेऊन उतरला. अण्णाही पाठोपाठ उतरले. धाकटा गाडीतच बसला आणि नात त्याच्याशेजारी. सूनबाई दाराशी उभ्या, आत ना बाहेर. पिल्लू सिमेंटवर आखूड साखळीला, समोर टोपल्या घेतलेल्यांची रांग. नातवानं केळी भरवली, पिल्लानं त्याच्या डोक्यावर सोंड ठेवली, फोटो निघाला. अण्णांनी केळं दिलं नाही. पिल्लाच्या मागे जाऊन त्यांनी जमिनीवरची लीद आणि मूत साचलेली जागा बघितली, साखळी पायात कुठे बसलीय ते वाकून बघितलं आणि येऊन गाडीत बसले. “आई कुठाय त्याची?” त्यांनी चालकाला मराठीतच विचारलं.

दोघे भाऊ रात्रीच्या जेवणापर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. जेवताना थोरला म्हणाला, “पाच वर्षांच्या पोराला तू तीन तास झाडं दाखवलीस.” त्यात तथ्य होतं.

निष्पत्ती

नातीनं शाळेत या सहलीवर प्रकल्प केला, त्यात फोटो एकही जवळचा नाही. नातवाचा छावणीतला फोटो थोरल्याच्या दुकानात काउंटरच्या काचेखाली आहे. आईंचं म्हणणं, लाडू खाल्ले की नाही ते कळायला हवं होतं. अण्णांचं महादेवीबाबतचं मत बदललेलं नाही : ती नांदणीला यायला हवी. फक्त आता ते त्यापुढे जोडतात की तिच्यासाठी मातीची जमीन हवी आणि सोबतीला दुसरी हत्तीण. धाकट्याच्या मते ही अट पुरी होत असेल तर वाद उरतच नाही. अण्णांच्या मते वाद अजून आहे.

वेगळं काय करता आलं असतं

जागेची निवड पुन्हा तशीच करेन. आखणी मात्र बदलेन.

पाच वर्षांच्या मुलाला अशा ठिकाणी न्यायचं तर त्याला आधीपासून सांगून ठेवायला हवं की हत्ती लपतो आणि आपण त्याला शोधायचं. तेही अर्ध्या सकाळीपुरतंच. तो आईबरोबर शेडमध्ये थांबून नळ्या भरत बसला असता तर भोकाड आणि पुढचा थांबा दोन्ही टळले असते. दुर्बीण एक होती, दोन हव्या होत्या.

गाडीवर थोरल्यानं जे वाचवलं त्याच पैशांनी छावणीचा थांबा विकत घेतला म्हणा ना. चालकांना अशा छावण्यांकडून गिऱ्हाइकामागे पैसे मिळतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. त्याचीही रोजी आहे. म्हणून आता मी जागेचीच गाडी घ्यायला लावतो, आणि ते जमत नसेल तर चालकाशी आदल्या दिवशीच बोलून घेतो : मधे थांबायचं नाही, त्याचे वेगळे पैसे इतके. रक्कम फार नसते.

महादेवीचा विषय घरात आहे हे मला पहिल्या भेटीत कळायला हवं होतं, असं आता कुणी म्हणेल. तो पहिल्याच भेटीत निघाला असता तर अण्णा सहलीलाच आले नसते, असं सूनबाईंचं मत आहे आणि मला ते पटतं.

ज्यांना एवढ्या लांब जायचं नाही त्यांना हल्ली मी आग्र्याच्या सहलीला जोडून मथुरेजवळचं वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचं हत्ती केंद्र सुचवतो. ते २०१० पासून आहे, २०१८ मध्ये शेजारी हत्तींचं रुग्णालयही झालं, आणि आधी नोंदणी करूनच जाता येतं. सर्कशीतून, लग्नाच्या वरातींतून, भीक मागण्यातून आलेल्या हत्तिणी तिथे आहेत. आईंच्या गुडघ्यांनाही ते सोपं पडलं असतं. प्रश्नांची यादी तिथेही तीच पाठवतो, फक्त आता तिच्यात एक प्रश्न आईंमुळे वाढलाय : आम्ही केलेलं खाणं कुणी खाल्लं, ते संध्याकाळी कळवाल का?